साधा दगड की जीवाश्म? मार्कंडेय-घटप्रभा खोऱ्यातील दगडांची ओळख

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस, महाराष्ट्रातील चंदगड तालुक्याच्या हद्दीपासून जवळच उचगाव हे गाव वसलेले आहे. मळेकरणी देवीचे स्थान म्हणून ते पंचक्रोशीत परिचित आहे, तसेच मराठी साहित्य संमेलन भरविणारे सीमाभागातील गाव म्हणूनही त्याचा लौकिक आहे. मार्कंडेय नदीकाठची भातशेते आणि त्यांपलीकडे तांबड्या मातीचे माळ, असे या परिसराचे सर्वसाधारण स्वरूप आहे. अशा शिवारात विहीर खणताना, घराचा पाया काढताना, किंवा पावसाळा सरल्यावर ओढ्याच्या पात्रातून जाताना नेहमीपेक्षा निराळा दगड हाती लागणे ही नवलाची गोष्ट नाही. एखादा दगड अंड्यासारखा वाटोळा असतो, एखाद्यास हाडाचा आकार असतो, तर एखाद्यावर झाडाच्या फांद्या उमटल्यासारखे दिसते.

असा दगड सापडला म्हणजे बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो दगड चमत्कार ठरतो, ‘राक्षसी प्राण्याचे अंडे’ म्हणून त्याचा गवगवा होतो आणि तो पाहण्यास माणसे लोटतात. नाही तर ‘दगडच तो’ म्हणून तो बांधावर फेकला जातो किंवा खडीत जातो. पहिल्या प्रकारात अज्ञानापायी साध्या दगडास नसते महत्त्व येते. दुसऱ्या प्रकारात मात्र, तो दगड खरोखरीच जीवाश्म असेल तर, पुन्हा कधीही भरून न येणारी हानी होते. या दोन्ही चुका टाळावयाच्या तर साधा दगड व जीवाश्म यांतील भेद कसा ओळखावा, हे सर्वसामान्य नागरिकास ठाऊक असणे आवश्यक आहे.

देवघरातील पाच पाषाण

हा भेद समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अनेक मराठी घरांच्या देवघरांत पंचायतन असते. त्यात विष्णूच्या ठिकाणी शाळिग्राम, शिवाच्या ठिकाणी नर्मदेतील बाण, गणपतीच्या ठिकाणी शोण नदीतील तांबडा शोणभद्र, सूर्याच्या ठिकाणी स्फटिक आणि देवीच्या ठिकाणी सुवर्णमुखी असे पाच पाषाण मांडलेले असतात. या पाचही पाषाणांस श्रद्धेच्या दृष्टीने सारखेच स्थान आहे. भूविज्ञानाच्या दृष्टीने मात्र त्यांपैकी एकच जीवाश्म आहे, तो म्हणजे शाळिग्राम.

शाळिग्राम हा नेपाळमधील गंडकी नदीच्या पात्रात मिळतो. त्यावरील चक्र हे वस्तुतः अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या कवचाची खूण असते. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, आज जेथे हिमालय उभा आहे तेथे समुद्र असताना, हे प्राणी त्यात वावरत होते. मेल्यानंतर त्यांची कवचे तळाच्या काळ्या चिखलात रुतली, त्यांच्याभोवती चिखल घट्ट होऊन गोळे बनले आणि पुढे समुद्राचा तळ उचलला जाऊन पर्वत झाल्यावर नदीने ते गोळे बाहेर काढले. अमोनाइटांचा वंश सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाला.

याउलट नर्मदेतील बाण अत्यंत गुळगुळीत व प्रमाणबद्ध असूनही जीवाश्म नव्हे. कठीण दगडाचा तुकडा वाहत्या पाण्यात वाळूगोट्यांवर घासला जाऊन त्यास तो लंबगोल आकार आलेला असतो. त्याच्या रचनेत कोणत्याही जीवाचा संबंध नाही. बाण फोडला तर आत तोच दगड, एकजिनसी किंवा रंगीत पट्ट्यांचा, दिसेल. शाळिग्राम उकलला तर आत कवचाचे वळसे, त्यांवरील एकसारख्या कंगोऱ्यांच्या ओळी व कप्पे यांची सुसंगत मांडणी दिसेल. म्हणजेच बाहेरचा आकार कितीही सुबक असला तरी तो पुरावा ठरत नाही. पुरावा असतो तो आतील रचनेत. जीवाश्म ओळखण्याचे पहिले सूत्र हेच होय.

जीवाश्म म्हणजे काय?

प्राचीन काळी होऊन गेलेल्या प्राण्यांचे किंवा वनस्पतींचे खडकांत वा गाळात टिकून राहिलेले अवशेष अथवा खुणा म्हणजे जीवाश्म. सर्वसाधारणपणे १० हजार वर्षांहून अधिक जुन्या अवशेषांस ही संज्ञा लावली जाते. जीव मेल्यानंतर त्याचे मऊ भाग कुजतात, तर हाडे, दात, शिंपा, लाकूड हे कठीण भाग काही काळ टिकतात. ते लवकरच गाळाखाली गाडले गेले, तर कुजविणाऱ्या जंतूंपासून व ऊनवाऱ्यापासून त्यांचे रक्षण होते. नंतर जमिनीतील पाण्यात विरघळलेली खनिजे त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत साचत जातात आणि मूळ पदार्थाची जागा हळूहळू दगड घेतो. हाड दगडाचे होते, परंतु हाडाची जाळी तशीच राहते. लाकूड दगडाचे होते, परंतु त्यातील वाढीची वलये व नलिका कायम राहतात.

कधी मूळ अवशेष पूर्णपणे नाहीसा होऊन त्याचा केवळ साचा उरतो. कधी पावलांचे ठसे, बिळे किंवा विष्ठाही दगडरूपाने टिकते. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिजदुरा हे गाव आहे. तेथील शेतांत मातीच्या ढेकळांसारखे दिसणारे गोळे सापडतात. ते वस्तुतः सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा होत. या गोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीत गवताच्या पेशींतील वाळूसदृश कण मिळाले आणि डायनोसॉरांच्या काळीही गवत उगवत होते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. तोपर्यंत गवताचा उदय त्यानंतरचा मानला जात असे. ज्यास कोणीही ढेकूळ म्हणून लाथाडले असते, त्या दगडाने वनस्पतिसृष्टीच्या इतिहासातील एक पान बदलले.

उचगावची भूमी

एखाद्या दगडाविषयी पहिला प्रश्न ‘हा कसा दिसतो’ हा नसून ‘हा कोणत्या भूमीत सापडला’ हा असावयास हवा. जीवाश्म बनण्यास गाळ लागतो. म्हणून ते मुख्यतः वाळूचे खडक, चिकणमातीचे खडक, चुनखडक यांसारख्या गाळाच्या खडकांत आणि नद्यांच्या जुन्या गाळात सापडतात. तप्त शिलारस थिजून झालेल्या अग्निजन्य खडकात ते सहसा सापडत नाहीत, कारण हजार अंशांहून अधिक तापमानाच्या रसात हाड किंवा पान टिकणे जवळजवळ अशक्य असते.

बेळगावच्या पश्चिमेकडील प्रदेश हा दख्खनच्या बेसॉल्ट पठाराच्या दक्षिण कडेचा भाग आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या भेगांतून शिलारसाचे लोट पुनःपुन्हा बाहेर पडून एकावर एक थिजले आणि आजचा काळा कातळ तयार झाला. पुढे भरपूर पाऊस व उष्ण हवा यांमुळे या कातळाचा वरचा भाग कुजला, त्यातील विद्राव्य द्रव्ये पाण्याबरोबर निघून गेली आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. घरबांधणीसाठी ज्याचे चिरे काढतात तो जांभा दगड अशा रीतीने तयार झाला. बेळगाव परिसरातील बॉक्साइटचे साठेही याच प्रक्रियेचे फलित होत.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. उचगावसारख्या गावाच्या माळावर, काळ्या कातळात किंवा जांभ्यात सापडलेला विचित्र आकाराचा दगड जीवाश्म असण्याचा संभव फारच थोडा असतो. अपवाद आहे तो दोन लोटांच्या मधल्या काळाचा. एक लोट थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत कधीकधी दीर्घ काळ गेला. त्या अवधीत खोलगट जागी तळी साचली, त्यांत गोगलगायी, मासे, बेडूक नांदले, काठी झाडे वाढली. पुढच्या लोटाने ती तळी गाळासह झाकून टाकली. कातळाच्या दोन थरांमध्ये सापडणारे असे गाळाचे पातळ पट्टे जीवाश्मांचे भांडार ठरले आहेत. मुंबईतील वरळी येथील अशाच थरातून मिळालेल्या लहान बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. गोकाक तालुक्यातही अशा मधल्या थरांतून गोड्या पाण्यातील जीवांचे अवशेष मिळाले आहेत. यास्तव विहीर खणताना काळ्या कातळाखाली अचानक पांढरट, राखी किंवा हिरवट मातकट पापुद्र्यांचा थर लागला, तर तो अधिक लक्षपूर्वक पाहावा.

फसविणारे दगड

आता ज्या दगडांमुळे सर्वसाधारणतः फसगत होते, त्यांची ओळख करून घेऊ.

अंड्यासारखे गोल धोंडे : काळ्या कातळास उभ्याआडव्या भेगा असतात. पाणी या भेगांतून शिरून दगडाच्या ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजविते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात आणि मध्ये वाटोळा गाभा उरतो. मुरमाच्या खाणीत असे गोळे ओळीने बसलेले दिसतात आणि ते अंड्यांच्या घरट्याप्रमाणे भासतात. डायनोसॉरच्या खऱ्या अंड्यास बहुधा एक-दोन मिलिमीटर जाडीचे निराळे कवच असते. भिंगातून पाहिले असता त्यावर बारीक उंचवटे व छिद्रे दिसतात आणि आतील भाग वेगळ्या दगडाचा असतो. कातळाच्या गोळ्यात मात्र पापुद्र्यामागून पापुद्रे निघतात आणि सर्वांचा दगड एकच असतो.

दातांसारखे व स्फटिकांचे गोळे : शिलारस थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. या पोकळ्यांत नंतर गारगोटी, अकीक किंवा झिओलाइट गटातील पांढरी खनिजे भरतात. कातळ झिजल्यावर हे पांढरे दाणे सुटे होऊन शेतात पसरतात. ते दातांसारखे किंवा लहान अंड्यांसारखे दिसतात. फोडल्यावर आत स्फटिकांची टोके किंवा काचेसारखी चकाकी दिसली, तर ते खनिज समजावे.

दगडावरील झाडे : काही दगडांच्या चिरेवर काळ्या रंगाची नाजूक, शाखा फुटलेल्या झाडासारखी नक्षी आढळते. ती पानाचा ठसा असावी असा समज सहज होतो. वास्तविक मँगॅनीज व लोखंड यांची संयुगे असलेले पाणी बारीक चिरेत पसरून वाळल्याने ती उमटते. खऱ्या पानाच्या ठशात मधली शीर, तिला ठराविक अंतराने फुटणाऱ्या उपशिरा आणि पानाची स्पष्ट कड असते. या नक्षीत कड नसते, शिरा नसतात, आणि तिच्या फांद्या नियमाविना कोठेही फुटतात.

हाडांसारख्या गुठळ्या : नदीकाठच्या गाळात व काळ्या जमिनीत चुनकंकराच्या लांबट, गाठाळ गुठळ्या सापडतात. जुन्या मुळांभोवती चुना साचून त्यांच्या नळ्याही बनतात. बोटांची हाडे व बरगड्या यांच्याशी त्यांचे साम्य विलक्षण असते. तथापि हाडाच्या आत जशी बाहेर घट्ट व मध्ये स्पंजासारखी जाळीदार रचना असते, तशी कंकरात नसते. जांभ्यातील वेड्यावाकड्या नळ्याही किड्यांची बिळे किंवा हाडांची छिद्रे नसून दगड कुजताना राहिलेल्या पोकळ्या होत.

लाकडासारखे खांब : थिजताना आकुंचन पावल्यामुळे काही ठिकाणी कातळास पाच-सहा बाजूंच्या खांबांचा आकार येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात बांदिवडे येथे आणि मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीत असे खांब पाहावयास मिळतात. काही लोटांचा पृष्ठभाग दोरखंडाप्रमाणे पीळ पडलेला असतो व तो मुळांसारखा वाटतो. या कशातही वाढीची वलये वा लाकडाच्या नलिका नसतात. खरे अश्मीभूत लाकूड महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात, वडधम येथे पाहता येते.

मार्कंडेयेच्या वाटेने गोकाककडे

उचगावच्या शिवारातून वाहणारी मार्कंडेय नदी पूर्वेकडे जाते, गोडचिनमलकी येथे धबधब्याने खाली येते आणि गोकाकजवळ घटप्रभेस मिळते. बेळगाव ते गोकाक हे अंतर रस्त्याने सुमारे ६० ते ७० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात खडकांचा प्रकार पालटतो. काळा कातळ मागे पडून गोकाकच्या धबधब्याजवळ वाळूच्या खडकाचे जाड थर दिसू लागतात. हे खडक कलादगी श्रेणीतील असून अतिप्राचीन आहेत. ते गाळापासून बनलेले असले तरी हाडे असलेले प्राणी पृथ्वीवर अवतरण्याच्या फार पूर्वीचे आहेत. त्यांवरील लाटांसारख्या रेषा म्हणजे सापाच्या अंगाचे ठसे नसून उथळ पाण्यातील वाळूवर उमटलेले तरंग होत. नदीकाठच्या वाळूवर आजही असेच तरंग दिसतात. याच श्रेणीतील बागलकोटकडील डोलोमाइट खडकांत एकावर एक पातळ पापुद्रे असलेल्या घुमटाकार रचना आढळतात. त्या मात्र सूक्ष्म जीवाणूंच्या थरांनी घडविलेल्या खऱ्या जीवाश्मखुणा आहेत. खडकाचे वय ठाऊक असले म्हणजे त्यात काय सापडू शकेल व काय सापडणार नाही, हे आधीच सांगता येते.

या प्राचीन खडकांवर, नद्या-ओढ्यांच्या काठी, त्यामानाने अगदी अलीकडच्या काळातील गाळ साचलेला आहे. त्याच गाळाने या भागातील सर्वांत प्रसिद्ध जीवाश्म जपून ठेवला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रॉबर्ट ब्रूस फूट हे ‘दक्षिण मराठा मुलुख’ या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाची पाहणी करीत होते. गोकाकजवळ चिकदौली येथे ओढ्याच्या काठच्या गाळात त्यांना एका मोठ्या प्राण्याची हाडे व दात मिळाले. तो प्राणी गेंडा होता. १८७४ मध्ये फूट यांनी त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि दख्खनवरून त्यास ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’ असे नाव दिले. या प्रदेशाच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज भारतात गेंडा मुख्यतः आसामच्या ओल्या गवताळ प्रदेशात उरला आहे. गोकाकचा परिसर कमी पावसाचा आहे. अशा ठिकाणी गेंडा वावरत होता, याचा अर्थ त्या काळी तेथे बारमाही पाणी, गवताची कुरणे व दाट झुडपे असली पाहिजेत. काही हाडांनी आणि दातांनी संपूर्ण खोऱ्याच्या जुन्या हवामानाची साक्ष दिली. ही साक्ष देता आली याचे कारण असे की, अवशेष कोणत्या जागी व कोणत्या गाळात होते हे पाहणाऱ्याने टिपून ठेवले. तीच हाडे कोणी उचलून बाजारात नेली असती, तर ती केवळ एका अज्ञात जनावराची हाडे राहिली असती.

फूट यांची दृष्टी किती सूक्ष्म होती, याचे आणखी एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांनी मुरमाच्या खाणीतून एक दगड उचलला आणि त्यावरील छिलके निसर्गाने नव्हे तर मानवी हाताने काढलेले आहेत, हे ओळखले. भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाचा आरंभ त्या एका दगडापासून झाला. असंख्य दगडांतून एक वेगळा दगड ओळखणे ही सवयीने येणारी विद्या आहे, दैवी देणगी नव्हे.

खऱ्या जीवाश्माच्या खुणा

दगड हाती आला असता पुढील क्रमाने विचार करावा.

१. जागा : तो कातळात, जांभ्यात, गाळाच्या खडकात की नदीच्या जुन्या गाळात सापडला? ओढ्यात सुटा पडलेला दगड असेल, तर वरच्या बाजूस काठाच्या कोणत्या थरातून तो निखळला असावा, याचा शोध घ्यावा.

२. आकारातील नियम : जीवांच्या शरीरात नियमबद्धता असते. शिंपेवरील रेघा समकेंद्री असतात, शंखाचे वळसे क्रमाने वाढत जातात, दाताच्या माथ्यावर झिलईच्या ठराविक घड्या असतात. केवळ एका बाजूने पाहिल्यावर दिसणारे साम्य विश्वसनीय नसते. दगड फिरवून सर्व बाजूंनी तेच साम्य टिकते काय, हे पाहावे.

३. आतील रचना : तुटलेली बाजू दहापट मोठे दाखविणाऱ्या साध्या भिंगाखाली पाहावी. हाडाची जाळी, लाकडाची वलये, दाताची झिलई व तिच्या आतील निराळा थर यांपैकी काही दिसते काय? ही सर्वांत निर्णायक खूण होय. मात्र ती पाहण्यासाठी दगड मुद्दाम फोडू नये.

४. सभोवतालच्या दगडाशी भेद : जीवाश्माचा रंग, पोत वा कठीणपणा भोवतालच्या खडकाहून बहुधा वेगळा असतो आणि त्याची सीमा स्पष्ट असते. गुठळीची कड मात्र पुष्कळदा भोवतालच्या मातीत विरून जाते.

५. सोबतचे अवशेष : एकाच जागी त्याच प्रकारचे आणखी तुकडे, शिंपा किंवा दात आहेत काय? खरे जीवाश्म पुष्कळदा एकमेकांच्या सोबतीने सापडतात.

काही घरगुती कसोट्या प्रचारात आहेत. त्यांच्या मर्यादा लक्षात घ्याव्यात. सच्छिद्र जुने हाड ओल्या बोटास चिकटते, परंतु चिकणमातीचा कोरडा खडाही चिकटतो. व्हिनेगरचा थेंब टाकला असता चुनकंकर फसफसतो, परंतु खरी शिंपाही फसफसते आणि आम्लाने तिची हानी होते. दगड जड लागतो म्हणून तो हाड नव्हे, असेही म्हणता येत नाही, कारण खनिजांनी भरलेले हाड दगडाएवढेच जड असते. सारांश, कोणतीही एकच कसोटी पुरेशी नाही. अनेक खुणा एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवितात, तेव्हाच तो स्वीकारावा.

तज्ज्ञही चुकतात

या बाबतीत घाई किती अनिष्ट असते, हे अलीकडील घटनांवरून दिसून येते. ऑक्टोबर २०२० मध्ये तामिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात कुन्नम येथे डायनोसॉरची अंडी सापडल्याची वार्ता सर्वत्र पसरली. तपासणीअंती ती अंडी नसून अमोनाइटांशी निगडित सागरी गाळाचे गोळे असल्याचे जाणकारांनी स्पष्ट केले. त्याच वर्षी मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा मिळाल्याचा दावा शास्त्रीय नियतकालिकात करण्यात आला. दुसऱ्या संशोधकांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिले, तेव्हा तो मधमाश्यांच्या पोळ्याचा उरलेला अवशेष असल्याचे २०२३ मध्ये दाखवून देण्यात आले. मूळ संशोधकानेही ती दुरुस्ती मान्य केली. चूक होणे हा शास्त्राचा दोष नव्हे. ती तपासली जाणे व मान्य केली जाणे, हे त्याचे बळ आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातील पाडल्या गावचे आहे. तेथील शेतकरी नांगरताना मिळालेले वाटोळे दगड ‘काकड भैरव’ म्हणून पूजीत आले होते. शेताचे व गुराढोरांचे ते रक्षण करतात, अशी त्यांची श्रद्धा होती. ते दगड डायनोसॉरची अंडी असल्याचे लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी ओळखल्याची वार्ता डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. धार जिल्ह्यातूनच अशी २५६ अंडी व ९२ घरटी नोंदविणारे संशोधन त्याच वर्षाच्या आरंभी प्रकाशित झाले होते. पाडल्याच्या ग्रामस्थांस शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते, परंतु हे दगड इतरांसारखे नाहीत हे त्यांच्या पूर्वजांनी ओळखले, ते फोडले नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले. श्रद्धेने केलेले ते जतनच होते.

सापडल्यावर काय करावे?

जीवाश्माचे अर्धे मोल त्याच्या देहात, तर अर्धे मोल त्याच्या जागेत असते. तो कोणत्या थरात, किती खोलीवर व कोणत्या वस्तूंसोबत होता यावरूनच त्याचे वय व त्या काळची परिस्थिती ठरविता येते. जागचा हलविलेला जीवाश्म मुका होतो. यास्तव संशयास्पद अवशेष दिसताच पुढील काळजी घ्यावी.

तो उपटून काढू नये व धुऊ नये. सभोवतालची माती तशीच राहू द्यावी. जवळ पट्टी, नाणे किंवा पेन ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. एक छायाचित्र जवळून व एक संपूर्ण काठाचे किंवा विहिरीच्या भिंतीचे असावे. गाव, शेताचा गट क्रमांक, जमिनीपासूनची खोली आणि दिनांक यांची नोंद करावी. पुराने वा खोदकामाने अवशेष नष्ट होण्याचा धोका असेल, तरच तो मातीच्या ढेकळासह अलगद काढून कापडात गुंडाळावा व काढलेल्या जागी खूण ठेवावी.

त्यानंतर गावच्या शिक्षकांमार्फत किंवा ग्रामपंचायतीमार्फत जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागास, राज्याच्या खाण व भूविज्ञान विभागास अथवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेस कळवावे. नदीच्या गाळातील हाडे व दात यांच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये आहे. कृष्णा, गोदावरी, भीमा यांच्या खोऱ्यांतील प्राचीन प्राण्यांविषयीचे पुष्कळसे ज्ञान तेथील संशोधकांच्या परिश्रमांतून उपलब्ध झाले आहे. कळविल्यानंतर दहापैकी नऊ वेळा ‘हा साधा दगड आहे’ असे उत्तर आले, तरी त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. उरलेल्या एका दगडासाठी तो खटाटोप सार्थ ठरतो.

या प्रश्नास आज विशेष निकड आली आहे. पूर्वी पहारीने विहीर खणली जाई. मातीचा प्रत्येक थर माणसाच्या नजरेखालून जाई. आता यंत्राचा एक घाव काही क्षणांत कित्येक थर उचलतो. नदीकाठची वाळू व गाळ वाहनांतून दूरच्या बांधकामांवर जातो, आणि टेकड्यांचा कातळ खडी केंद्रांत भुगा होतो. विकासकामे थांबविता येणार नाहीत. परंतु खणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांस काय पाहावे हे ठाऊक असेल, तर हाती लागलेले टिकविता येईल. चिकदौलीच्या ओढ्याकाठी गेंड्याची हाडे मिळाली, त्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्याच खोऱ्यातील इतर ओढ्यांच्या काठांनी आणखी काय जपून ठेवले असेल, याचा शोध परगावच्या तज्ज्ञांपेक्षा रोज त्या काठाने जाणारे शेतकरी, गुराखी आणि शाळकरी मुले यांनाच अधिक लवकर लागू शकेल.

उचगावच्या एखाद्या शाळेने आपल्या वर्गात एक लाकडी पेटी ठेवून तीत काळा कातळ, जांभा, गारगोटी, चुनकंकर आणि कांद्यासारखा कुजलेला गोटा असे पाच दगड नावांनिशी मांडले, तर खर्च काहीच येणार नाही. हे पाच साधे दगड ज्यास ओळखता येतात, त्याच्या नजरेस सहावा, वेगळा दगड आपोआप पडतो.